मार्क द्यायचे की शेरा? ऑनलाइन सहाध्यायी मूल्यांकनाचे एक प्रकरण

विद्यापीठ, विभाग आणि माणसे ओळखू येतील असे तपशील या लेखातून काढले आहेत आणि आकडे ढोबळ ठेवले आहेत. शिकवणाऱ्या दोघांना विद्यार्थी ज्या नावाने हाक मारत तीच नावे इथे वापरली आहेत: मॅडम आणि सर.

पार्श्वभूमी

पदवीच्या दुसऱ्या वर्षाला संशोधन पद्धतींचा एक अनिवार्य अभ्यासक्रम होता. वर्गात सुमारे २०० विद्यार्थी आणि शिकवायला दोघे. सत्राच्या शेवटी प्रत्येकाने दीड हजार शब्दांचा संशोधन आराखडा द्यायचा. त्यात संशोधनाचा प्रश्न, आधीच्या अभ्यासांचा आढावा, नमुना कसा निवडणार, माहिती कशी गोळा करणार आणि तिचे विश्लेषण कसे करणार, एवढे हवे. आधी कच्चा मसुदा, त्यावर शिक्षकांचा अभिप्राय, मग पक्का आराखडा, अशी कागदावरची रचना होती.

प्रत्यक्षात ती चालत नव्हती. एक मसुदा नीट वाचून चार ओळींचा उपयोगी शेरा लिहायला वीस मिनिटे लागतात. २०० मसुद्यांचे चार हजार मिनिटे, म्हणजे ६६ तासांहून अधिक. दोघांनी वाटून घेतले तरी प्रत्येकी ३३ तास, आणि तेही इतर वर्ग सांभाळून. अभिप्राय हातात पडेपर्यंत पक्का आराखडा देऊन झालेला असे. मग तो शेरा कोण वाचणार? मार्क बघायचे आणि फाइल बंद करायची, हीच विद्यार्थ्यांची रीत झाली होती.

अडचण नेमकी कोणती

यावर विभागात दोन मते होती, आणि पुढे जे घडले त्याचे मूळ या दुमतात आहे. विभागप्रमुखांच्या दृष्टीने अडचण तपासणीच्या भाराची होती. विद्यार्थ्यांनी एकमेकांचे काम तपासले तर शिक्षकांचे तास वाचतील, असा त्यांचा हिशेब. मॅडमना अडचण वेगळी दिसत होती. त्यांच्या मते विद्यार्थ्यांना चांगला आराखडा आणि कच्चा आराखडा यांतला फरकच ओळखता येत नव्हता, कारण स्वतःचा सोडून दुसरा आराखडा त्यांनी कधी वाचलेलाच नव्हता.

या दोन अडचणींवर उपाय एकच सुचला, सहाध्यायी मूल्यांकन. उपायाचे नाव एक असल्यामुळे उद्दिष्टही एकच आहे असे सगळ्यांनी गृहीत धरले, आणि सत्र सुरू होण्यापूर्वीच्या बैठकीत तो प्रश्न कोणी उकलून पाहिला नाही.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय होता मसुद्याची पायरीच काढून टाकण्याचा. तो लगेच बाद झाला. दुसरा, वरच्या वर्गातले विद्यार्थी तपासनीस म्हणून नेमायचे. त्यासाठी पैसे नव्हते. तिसरा, सगळ्या वर्गाला मिळून एकच सामायिक अभिप्राय द्यायचा: वीसेक मसुदे वाचून वारंवार दिसणाऱ्या चुका वर्गात मांडायच्या. हा पर्याय खरे तर बरा होता, आणि पुढे तो वेगळ्या रूपात परतही आला. पण त्या वेळी तो तात्पुरती मलमपट्टी वाटला.

सहाध्यायी मूल्यांकन ठरल्यावर साधनाचा प्रश्न आला. फॉर्म आणि स्प्रेडशीट वापरून हाताने वाटप करणे २०० जणांसाठी अशक्य. केवळ याच कामासाठी बनवलेली स्वतंत्र साधने बाजारात आहेत, पण त्यांचे शुल्क आणि विद्यार्थ्यांचा डेटा बाहेर जाण्याचा मुद्दा निघाला. अभ्यासक्रम ऑनलाइन चालवण्याची ‘मूडल’ ही प्रणाली विद्यापीठात आधीपासून होतीच आणि त्यात ‘वर्कशॉप’ नावाची सोय आहे: विद्यार्थी काम अपलोड करतात, मुदत संपली की प्रणाली ते इतरांना वाटते, ते निकषांनुसार तपासतात आणि शेवटी गुण काढले जातात. खर्च शून्य, लॉगिन सगळ्यांकडे. सर तांत्रिक बाजू सांभाळायला तयार झाले.

मग वादाचा मुद्दा: मार्क मोजायचे का? मॅडमना पहिल्या फेरीत केवळ शेरे हवे होते. सरांचे म्हणणे असे की मार्क नसले तर निम्मा वर्ग फिरकणारही नाही. तडजोड म्हणून या फेरीला अभ्यासक्रमाच्या एकूण गुणांपैकी १० टक्के दिले गेले. वरकरणी किरकोळ तडजोड. पण ज्या विद्यार्थ्याची श्रेणी काठावर आहे त्याला १० टक्के किरकोळ नसतात, आणि परीक्षा समितीला विचारण्याइतका तो मोठा विषयही तेव्हा कोणाला वाटला नाही.

पहिली फेरी

निकषांचा तक्ता सात रकान्यांचा होता, प्रत्येक रकान्यात पाच पायऱ्या. प्रत्येक मसुदा तिघांकडे जाणार होता. नावे लपवायची होती. इथे एक व्यवहारातली गोष्ट नोंदवून ठेवतो. वर्कशॉपमध्ये लेखकाचे आणि तपासणाऱ्याचे नाव दिसावे की नाही हे भूमिकांच्या परवानग्यांवरून ठरते, त्या मुद्दाम बदलाव्या लागतात. सरांनी त्या बदलल्या. तरी पहिल्याच दिवशी निम्म्या फाइलींच्या नावातच विद्यार्थ्यांची नावे होती, काहींच्या पहिल्या पानावर हजेरी क्रमांकही होता. अनामिकतेची सूचना काम अपलोड करण्याच्या पानावरच ठळक हवी होती. ती होती एका वेगळ्या नियमपत्रकात, आणि नियमपत्रक वाचते कोण?

निकाल आला तेव्हा बहुतेक मार्क ८० ते ९५ यांच्या दरम्यान दाटीवाटीने बसले होते. शेऱ्यांच्या रकान्यात ‘छान’, ‘विषय चांगला आहे’, ‘अजून मुद्दे हवेत’. हे काही या वर्गापुरते नवल नव्हे. या विषयावरच्या लेखनात मैत्रीपोटी दिलेले मार्क आणि ठरवून, संगनमताने दिलेले मार्क असे वेगळे प्रकार केव्हाच मांडले गेले आहेत. पण माझ्या मते इथे मैत्रीपेक्षा भीती जास्त होती. आपण स्वतः अर्धवट समजलेल्या विषयात दुसऱ्याला कमी मार्क कसे द्यायचे, या संकोचातून हात आपोआप वरच्या पायरीकडे जातो.

सात रकान्यांनीही घोळ घातला. नॅन्सी फाल्चिकोव्ह आणि ज्युडी गोल्डफिंच यांनी २००० साली ४८ अभ्यास एकत्र घेऊन केलेल्या विश्लेषणात असे आढळले होते की विद्यार्थ्यांचे मार्क शिक्षकांच्या मार्कांच्या जवळ जातात ते नीट समजलेल्या निकषांवर एकूण कामाचा निवाडा करताना. कामाचे बारीक तुकडे पाडून प्रत्येकाला वेगळे मार्क द्यायला लावले की ती जवळीक घटते. तक्ता जितका बारीक तितकी तपासणी काटेकोर, हा समज शिक्षकांमध्ये पक्का असतो. इथेही तो होता.

तरीही फेरी ‘बरी गेली’ म्हणून पुढे सरकली असती. तेवढ्यात एक विद्यार्थिनी मॅडमच्या खोलीत आली.

निर्णयाचा क्षण

तिने एका मसुद्यावर जवळजवळ पानभर लिहिले होते. नमुन्यात कोण येणार हेच लेखकाने सांगितलेले नाही, प्रश्न ‘परिणामा’बद्दल विचारला आहे पण माहिती एकदाच गोळा करणार, मग परिणाम कसा कळणार, असे नेमके मुद्दे. मार्क दिले १०० पैकी ५५. त्याच मसुद्याला इतर दोघांनी प्रत्येकी ९० दिले होते आणि शेरा एकेका ओळीचा. आणि तपासणीबद्दलचे गुण तिला त्या दोघांपेक्षा खूपच कमी मिळाले होते.

“मॅडम, मी नीट वाचलं म्हणून माझे मार्क कापले का?”

उत्तर ‘हो’ असे होते, आणि त्यात प्रणालीचा बिघाड काहीच नव्हता. वर्कशॉपमध्ये विद्यार्थ्याला दोन गुण मिळतात, एक स्वतःच्या कामाचा आणि एक त्याने केलेल्या तपासणीचा. सेटिंगमध्ये हात न लावता मिळणारी विभागणी ८० आणि २० अशी असते. तपासणीचा गुण काढायची पद्धत अशी: एका कामाच्या सगळ्या तपासण्यांची सरासरी घ्यायची, सरासरीला सर्वांत जवळची तपासणी ‘उत्तम’ मानून तिला पूर्ण गुण द्यायचे, आणि बाकीच्यांना त्या उत्तम तपासणीपासून त्या किती दूर आहेत यावरून. ९०, ९० आणि ५५ यांची सरासरी ७८ च्या आसपास येते. तिला जवळचे आहेत ते ९०. म्हणजे दोघांनी न वाचता मारलेला शिक्का उत्तम ठरला आणि वाचणारी एकटी पडली. गंमत म्हणजे तपासणाऱ्यांपैकी एकाने कामच केले नसते आणि दोनच तपासण्या उरल्या असत्या, तर सरासरीपासून दोन्ही सारख्याच अंतरावर असल्यामुळे तिलाही पूर्ण गुण मिळाले असते.

ही पद्धत मुळातच वाईट आहे असे नाही. बहुतेक जण प्रामाणिकपणे वाचत असतील, निकष सर्वांना सारखे समजले असतील आणि शिक्षकाने स्वतःच्या काही तपासण्या जास्त वजन देऊन त्यात मिसळल्या असतील, तर ती चांगली चालते. त्यातले काहीच इथे नव्हते. ८०–२० ची विभागणीही कोणी विचार करून ठरवलेली नव्हती. ती तिथे होती म्हणून राहिली.

आता तीन वाटा होत्या. एक, त्या विद्यार्थिनीचे गुण हाताने दुरुस्त करायचे आणि पुढे जायचे. तक्रार मिटली असती, पण ज्यांनी तक्रार केली नाही त्यांचे काय? दोन, पहिली फेरी पूर्ण रद्द करायची. मग ज्यांनी मन लावून तपासले त्यांची मेहनत वाया. तीन, फेरी ठेवायची पण मार्क काढून घ्यायचे.

निर्णय घेण्यापूर्वी मॅडम आणि सरांनी तीसेक मसुदे स्वतः तपासले. त्यात दोन गोष्टी दिसल्या. विद्यार्थ्यांच्या मार्कांवरून सर्वांत कच्चे मसुदे बऱ्यापैकी ओळखता येत होते, पण मधल्या आणि वरच्या मसुद्यांत फरक करता येत नव्हता. आणि चांगले शेरे चढ्या मार्कांच्या गठ्ठ्यात दडले होते, कारण ज्याने ९० दिले त्याचा शेरा लेखक वाचत नाही आणि ज्याने ५५ दिले त्याचा शेरा रागाने बंद करतो.

तिसरी वाट निवडली गेली. वर्गात स्पष्ट सांगण्यात आले की पहिल्या फेरीचे १० टक्के आता सहभागाचे: काम दिले आणि तिन्ही तपासण्या केल्या तर पूर्ण. ज्यांना ९५ मिळाले होते ते नाराज झाले, आणि त्यांची नाराजी रास्त होती. सत्राच्या मध्यावर नियम बदलणे कोणालाच आवडत नाही. विभागप्रमुखांनाही ते आवडले नाही, वेगळ्या कारणाने: तास वाचण्याऐवजी तीस मसुदे पुन्हा वाचावे लागले होते.

दुसऱ्या फेरीत काय बदलले

पक्क्या आराखड्याआधी सुधारित मसुद्याची आणखी एक फेरी होती. तिची आखणी नव्याने झाली.

आधी सरावाचा एक तास. मागच्या वर्षीचे तीन जुने आराखडे, परवानगी घेऊन आणि ओळख पुसून, नमुना म्हणून दिले. सगळ्यांनी ते तपासले, मग शिक्षकांनी आपली तपासणी समोर ठेवली आणि दोन्हींतल्या फरकावर चर्चा झाली. यासाठी वर्कशॉपमध्ये नमुना सादरीकरणांची सोय आहे. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात विकसित झालेली ‘कॅलिब्रेटेड पीअर रिव्ह्यू’ ही प्रणाली याच कल्पनेवर उभी होती: आधी ठरावीक नमुने तपासून हात बसवा, मग दुसऱ्याच्या कामाला हात लावा. या प्रकरणात सर्वांत जास्त फरक कशाने पडला असे कोणी विचारले तर मी या एका तासाकडे बोट दाखवीन. एका नमुन्यावर वर्गाची मते ४० पासून ९० पर्यंत पसरली होती. तो पसारा पडद्यावर पाहिल्यावर निकष म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागले नाही.

दुसरे, मार्क पूर्ण काढून टाकले. सात रकान्यांच्या जागी तीन प्रश्न आले. हा आराखडा नेमके काय शोधणार आहे ते तुमच्या शब्दांत एका वाक्यात लिहा. निवडलेल्या पद्धतीने त्या प्रश्नाचे उत्तर मिळेल का, आणि अडेल तर कुठे? लेखकाने पुढच्या आठवड्यात एकच गोष्ट बदलायची असेल तर कोणती? पहिला प्रश्न साधा दिसतो, पण सगळ्यांत कामाचा तोच निघाला. तीन वाचकांनी आपल्या प्रश्नाची तीन वेगळी वाक्ये केलेली पाहिली की आपले लेखन कुठे धूसर आहे हे लेखकाला कोणी सांगावे लागत नाही.

प्रत्येक मुद्द्याबरोबर मसुद्यातली ओळ उद्धृत करायची अटही घातली. तिचे एक कारण असे की पहिल्या फेरीतले काही शेरे एआयकडून लिहून घेतलेले वाटत होते. भाषा गुळगुळीत, रचना नेटकी, आणि मसुद्यात काय आहे याचा पत्ता नाही. ओळ उद्धृत करण्याच्या अटीने तो प्रकार थांबला असे म्हणता येणार नाही, कारण मसुदा त्या साधनाला चिकटवला तर ओळीही मिळतात. पण शेरा नेमका होऊ लागला, आणि लेखकाच्या दृष्टीने तेवढे पुरेसे होते. दुसऱ्याचा अप्रकाशित मसुदा असा बाहेरच्या साधनात टाकायचा नाही, हा नियमही तेव्हाच लिहिला गेला.

तिसरा बदल लेखकाच्या बाजूचा. पक्क्या आराखड्याबरोबर अर्ध्या पानाची प्रतिसाद-टीप द्यायची: कोणता शेरा स्वीकारला, कोणता नाकारला, का. नाकारण्याला मुभा होती, कारण हवे होते. आणि तपासणाऱ्याच्या कामाचे मूल्य कसे ठरवायचे यावर असा तोडगा निघाला की प्रत्येकाने आपण लिहिलेल्या तीन तपासण्यांपैकी सर्वोत्तम वाटते ती एक निवडून शिक्षकांकडे पाठवायची. तिला तीन मिनिटे लागतात. २०० जणांचे दहा तास, दोघांत पाच-पाच. सरासरीशी जुळण्याचा संबंधच उरला नाही.

अनाथ मसुद्यांचाही प्रश्न होता. वाटप झाल्यावर काही जण गायब होतात आणि कोणाच्या तरी वाट्याला एकच तपासणी येते. वाटप मुदत संपल्यावर आपोआप व्हावे असे ठेवले, ज्याने स्वतः काम दिले आहे त्यालाच तपासायला मिळेल असे केले, आणि तरी उरलेले दहा-बारा मसुदे शिक्षकांनी उचलले.

निष्पत्ती

पक्के आराखडे आले तेव्हा प्रश्नाची मांडणी आणि नमुन्याचे वर्णन हे दोन भाग आधीच्या तुकड्यांपेक्षा स्पष्ट सुधारलेले होते, असे दोन्ही शिक्षकांचे मत पडले. विश्लेषणाचा भाग मात्र होता तिथेच होता. प्रतिसाद-टिपा वाचल्यावर कारण कळले: विश्लेषणावर जवळजवळ कोणी शेराच लिहिला नव्हता. जे वर्गात कोणालाच समजलेले नाही ते सहाध्यायी एकमेकांना दाखवू शकत नाहीत. तिथे शिक्षकच हवा. बाजूला ठेवलेला सामायिक अभिप्रायाचा पर्याय इथे कामी आला: केवळ विश्लेषणावर एक तास घेतला गेला. तो झाला मात्र पक्का आराखडा दिल्यानंतर.

आणखी एक गोष्ट प्रतिसाद-टिपांत दिसली. मिळालेल्या शेऱ्यांपेक्षा ‘दुसऱ्याचा वाचताना माझी चूक कळली’ असे लिहिणारे बरेच होते. परभाषेत लेखन शिकणाऱ्यांवर क्रिस्टी लंडस्ट्रॉम आणि वेंडी बेकर यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही इतरांचे लेखन तपासणारे विद्यार्थी नुसता अभिप्राय घेणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारले होते. मॅडमनी सुरुवातीला मांडलेली अडचण हीच होती.

विभागप्रमुखांची अडचण सुटली नाही. सरावाचा तास, नमुन्यांची तयारी, दहा तासांची तपासणी, अनाथ मसुदे, तक्रारी असा सगळा वेळ मोजला तर बचत झालीच नाही. वेळ सत्राच्या शेवटाकडून मध्याकडे सरकला, एवढेच.

एक प्रसंग शेवटपर्यंत नीट सुटला नाही. एका विद्यार्थ्याचा विषय स्वतःच्या आजारातून आलेला होता. नाव लपवले तरी विषयावरून वर्गाने त्याला ओळखले असते. त्याने विनंती केल्यावर त्याचा मसुदा वाटपातून काढून सरांनी तपासला. पण विनंती करण्यासाठीसुद्धा त्याला कोणाला तरी सांगावे लागलेच.

वेगळे काय करता आले असते

मार्कांचा निर्णय परीक्षा समितीसमोर आधी जायला हवा होता. विद्यार्थ्याने दिलेले मार्क अंतिम निकालात धरता येतात का, धरले तर दाद कोणाकडे मागायची, हे पहिल्या तक्रारीनंतर शोधणे सगळ्यांनाच जड गेले.

सहभागाचे गुण सुरुवातीपासून ठेवले असते तर सरांची शंका फिटली असती आणि नियम मध्येच बदलावा लागला नसता. दुसऱ्या फेरीत मार्क नसतानाही बहुतेकांनी तिन्ही तपासण्या पूर्ण केल्या. अर्थात एक तपासणी शिक्षकांकडे जाणार हे त्यांना माहीत होते, त्यामुळे याला निखळ उत्साह म्हणायला मी धजावणार नाही.

मार्क हवेच असतील तर तुलनेची पद्धत करून पाहता आली असती: दोन आराखडे शेजारी ठेवायचे आणि कोणता सरस ते सांगायचे. अशा जोड्यांवरून क्रम लावण्याचे सूत्र लुई थर्स्टन यांनी १९२७ मध्येच मांडले होते, आणि त्यावर आधारलेली साधने विद्यापीठांत वापरली जातात. ‘७० की ७५’ या प्रश्नापेक्षा ‘हा की तो’ याचे उत्तर नवख्याला सोपे जाते. पण त्यातून क्रम मिळतो, सुधारणेचा शेरा वेगळा मागावा लागतो.

खाजगी विषयांसाठी मसुदा देतानाच, कारण न विचारता, ‘केवळ शिक्षक वाचतील’ असा पर्याय असावा, यावर दोघांचे एकमत आहे. पुढच्या तुकडीसाठी तो तयार केला आहे. विश्लेषणाचा तास पहिल्या फेरीच्या आधी आणला आहे. दुसऱ्या फेरीत लेखकाचे नाव लपवायचे पण तपासणाऱ्याचे दाखवायचे का, यावर मात्र मॅडम आणि सरांचे अजून जमलेले नाही. नाव दिसले तर शेरा जबाबदारीने लिहिला जाईल, असे सर म्हणतात. मॅडम विचारतात, मग ५५ देणारी ती मुलगी पुन्हा ५५ देईल का?